निषादाची साडेसाती

आमच्या घरात सगळेच कुजबुजत बोलायचे, आणि त्यात लपवण्यासारखं काहीच नसायचं. मीठ कुठं ठेवलंय, दळण आणलं का, पाणी तापलं का, एवढ्याच गोष्टी. पण त्या अशा बोलल्या जायच्या की पाहुण्याला वाटावं, आतल्या खोलीत कुणी आजारी माणूस झोपलंय. कारण अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, आवाज नव्हता. ती मुकी नव्हती. ओठ हलायचे, शब्द यायचे, पण त्यांच्याखाली सूर नसायचा, नुसता वारा. कुजबुजणाऱ्या माणसाशी मोठ्यानं बोलायला लाज वाटते, म्हणून मी आणि अप्पा, म्हणजे वडील, आम्हीही तसंच बोलू लागलो, आणि पुढं ती सवयच झाली. मला हाक मारायची असली की अव्वा पितळी ताटलीवर पळी वाजवायची. एकदा वाजली की "ये", भराभर वाजली की "दूध उतू चाललंय". आजही माझा मुलगा फोनवर म्हणतो, "आई, जरा मोठ्यानं बोल की, कुणी झोपलंय का तिथं?" मी काय सांगणार त्याला.

घर सोलापूरच्या पूर्वेकडच्या भागात, मागवाल्यांच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, पुढं एवढासा ओटा. डावीकडे माग, उजवीकडे माग, आणि भिंती अशा पातळ की मांडणीतली भांडी तिकडच्या खटक्याला इकडे थरथरायची. त्या खटाखटात कुजबूज ऐकू यायची नाही, म्हणून अव्वाचं बोलणं तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकावं लागे. तिच्या तोंडाला लवंगेचा वास असायचा. शेजारची लक्ष्मीअक्का तेलुगू, नवऱ्याबरोबर माग चालवायची आणि बोलायची चौघींचं. तिला सुरुवातीला वाटलं होतं की स्वामींची, म्हणजे अप्पांची, बायको गर्विष्ठ आहे, वर तोंड करून बोलत नाही. मग कळल्यावर ती इतकी वरमली की त्या दिवसापासून आमच्या दारात आली की तीसुद्धा कुजबुजायची, आणि लक्ष्मीअक्काची कुजबूज गल्लीच्या टोकापर्यंत जायची.

आम्ही जंगम. अप्पांना सगळे "स्वामी" म्हणत. घरोघरी पूजेला, बारशाला, घरभरणीला जायचं, आणि उरलेल्या वेळात पत्रिका बघायच्या. सात रस्ता चौकाजवळ एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानात अर्ध्या फळीवर त्यांची बैठक होती. अर्ध्या फळीवर लोकांची बंद पडलेली घड्याळं आणि अर्ध्या फळीवर लोकांच्या बंद पडलेल्या सोयरिकी, असं मी म्हणायची, ते अप्पांना आवडायचं नाही. माणूस सज्जन. कुणाला लुबाडलं नाही, कुणाला घाबरवून ग्रहशांत करायला लावली नाही. ग्रहांवर त्यांचा विश्वास मात्र असा होता की रस्त्यात ठेच लागली तरी दगडाकडे न बघता वर बघायचे.

अव्वा दुधनीची. तिच्या माहेरी मठात भजनाची बैठक असायची आणि तिथल्या एका म्हाताऱ्या गवयानं तिला लहानपणापासून गाणं शिकवलं होतं. लग्नात रुखवताबरोबर तिनं तंबोरा आणला, त्याची सासरी बरीच थट्टा झाली म्हणे. मला तिचा आवाज आठवतो का? लोक विचारतात तेव्हा मी हो म्हणते. खरं सांगायचं तर मला तिचं गाणं आठवत नाही, ती गाताना तिच्या पाठीला कान लावून बसलेली मी आठवते. पाठीतून गुणगुण यायची, ऊब यायची. भाकऱ्या थापताना गायची, मला न्हाऊ घालताना गायची. संध्याकाळी दिवा लागला की तंबोरा घेऊन बसायची आणि यमन लावायची. तेवढा वेळ गल्लीतले दोन-तीन माग हळूच बंद पडायचे, असं लक्ष्मीअक्का शपथेवर सांगायची.

मग तिच्या गळ्यावर गाठ आली. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, उशीर नको. मी तेव्हा तिसरीत होते, मला एवढंच कळत होतं की अप्पा रोज संध्याकाळी पंचांग घेऊन बसतात आणि बोटांवर काहीतरी मोजून मान हलवतात. अधिक महिना होता, तो जाऊ दे. मग तिला चंद्रबळ नव्हतं. मग पितृपक्ष. शेवटी अप्पांच्या मनासारखा मुहूर्त मिळाला आणि अव्वा दवाखान्यात गेली. परत आली तेव्हा गळ्याला पांढरी पट्टी होती आणि तिनं माझं नाव घेतलं, ते मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "काय?" तिनं पुन्हा ओठ हलवले. मला वाटलं ती माझी गंमत करतेय, आणि मी हसले. ते हसणं अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

वर्षभर आम्ही आवाज परत येण्याची वाट बघितली. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. कुणी सांगितलं म्हणून कसल्याशा पाल्याचा लेप झाला. मग वाट बघणं थांबलं आणि अप्पांनी कारण शोधायला घेतलं. त्यांना ते सापडलंही. मला कसं कळलं ते सांगते. रविवारची सकाळ होती, पुढच्या खोलीत करमाळ्याचा एक माणूस मुलाची पत्रिका दाखवायला आला होता. मी चहाचे कप घेऊन दारापर्यंत गेले आणि आतून अप्पांचा आवाज आला. बाहेरच्या माणसाशी मात्र ते मोठ्यानं बोलत.

"लेकराची साडेसाती आईबापाला भोवते की वो. माझ्याच घरचं बगा. पोरगी कर्केची, पुष्य नक्षत्र. नक्षत्राचा स्वामीच शनी. हिची साडेसाती लागली आन् तेवड्यातच हिच्या आईचा आवाज गेला."

"अरारारा," तो माणूस म्हणाला. "आन् पोरगी कशी हाय?"

"पोरगी ब्येस हाय. पोरीला काय हुतंय?"

मी कप घेऊन आत गेले, खाली ठेवले, बाहेर आले. चहा सांडलासुद्धा नाही. मग मोरीत जाऊन बसले. आईचा आवाज मी खाल्ला, असं माझ्या मनात पक्कं झालं. मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं तर कुजबुजून विचारावं लागलं असतं, आणि काही गोष्टी कुजबुजून विचारता येत नाहीत. अप्पा दुष्ट नव्हते, त्यांनी मला कधी टोचून काही म्हटलं नाही, उलट जास्तच माया केली. दर शनिवारी मला मारुतीला नेऊन तेल वाहायला लावायचे आणि येताना खारे शेंगदाणे घेऊन द्यायचे. मला मात्र प्रत्येक शेंगदाणा खाताना वाटायचं, ही चोराला दिलेली मिठाई आहे.

निषादाचा उपास इथूनच सुरू झाला. अव्वानं स्वतःचं गाणं गेल्यावर मला शिकवायचं ठरवलं होतं. अप्पांनी ना म्हटलं नाही, पण एक अट घातली. त्यांचं एक आवडतं शास्त्र होतं, ते कुठल्या पोथीतलं की त्यांच्या डोक्यातलं, देव जाणे. वार सात, ग्रह सात, सूर सात. सा रवीचा, रे चंद्राचा, ग मंगळाचा, म बुधाचा, प गुरूचा, ध शुक्राचा आणि नि शनीचा. "जसा शनी रवीपासनं सगळ्यात लांब, तसा नि सा पासनं सगळ्यात लांब," ते बोटं दाखवून सांगायचे. "ग्रह फिरत्यात तवा तेंचा सूर निगतोय. आपल्याला ऐकू येत न्हाय, येवडंच." मी एकदा विचारलं, "मग अप्पा, सा आणि प गाण्यात हलत नाहीत, जागेवरच असतात. रवी आणि गुरू आकाशात का हलतात?" ते म्हणाले, "तू गणिताचा अभ्यास कर." अट अशी होती की साडेसाती संपेपर्यंत मी नि म्हणायचा नाही. ज्याचा सूर त्याला हाक, आणि शनीला रोज सकाळी उठून हाक मारणं म्हणजे विकतचं दुखणं.

अव्वानं हे ऐकलं आणि नुसतं अप्पांकडे बघितलं. मग मला नि नसलेले राग शिकवायला घेतले. सुदैवानं असे राग बरेच आहेत. सकाळी देशकार, संध्याकाळी भूप, मधे दुर्गा. अव्वा तंबोरा छेडायची, कानात शब्द सांगायची, पेटीवर एका बोटानं सूर दाखवायची, आणि मी गायची. वर्षं गेली तशी माझा भूप चांगला जमू लागला, पण गळ्याला एक खोडच लागली. ध वरून निघालं की थेट सा. मधे एक पायरी आहे हेच गळा विसरला. शाळेत गाण्याच्या बाई सगळ्या वर्गाकडून सरगम म्हणून घ्यायच्या, तेव्हा मी नि आला की तोंड मिटायची. प्रार्थनेत तर कुठल्या शब्दावर नि येतो ते मी पाठच केलं होतं. तेवढा शब्द सोडून द्यायचा. मुलींच्या ते लक्षात आलंच. मग "सहा सुरांची हेमा" असं नाव पडलं. "हेमा, तुमच्यात आठवड्याला शनिवार असतोय का गं?" असंही विचारायच्या. मीही हसायची. पण मधल्या सुट्टीत माझ्या डब्याशेजारी फारसं कुणी बसायचं नाही. ज्या मुलीनं आईचा आवाज खाल्ला तिच्याजवळ बसू नये, हे त्यांना माहीत असेल असं मला वाटायचं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मीच कुणाला जवळ येऊ देत नव्हते, हे आता कळतंय.

त्या काळातली एक गोष्ट मात्र आम्हा दोघींची होती. मी सातवीत असेन. भूपाचा रियाज चालला होता, अव्वा तंबोरा छेडत होती, आणि गल्लीतले माग वीज गेल्यामुळे बंद होते. अशी शांतता आमच्याकडे क्वचित. आणि मला पंचमाच्या तारेतून, तार छेडून झाल्यावर, वरती कुठंतरी बारीक नि ऐकू आला. कुणी लावलेला नाही, कुणी म्हटलेला नाही, आपला आपण. मी घाबरून गाणं थांबवलं. अव्वाच्या कानाशी जाऊन म्हटलं, "अव्वा, पंचमात नि वाजतोय." तिनं पुन्हा एकदा तार छेडली, डोळे मिटून ऐकलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. मग हसली. ऑपरेशननंतर मी तिला इतकं हसताना बघितलं नव्हतं. तंबोरा चांगला जुळला की पंचमाच्या तारेत तो निषाद असतोच, हे मला पुढं गाणं शिकवताना माझ्या विद्यार्थिनींनाही दाखवता आलं. हल्ली त्या फोनमधला तंबोरा लावतात. त्यातही ऐकू येतो, पण वीज जाण्याची वाट बघावी लागत नाही.

नववीच्या दिवाळीनंतर शनीनं रास बदलली. सिंहेतून कन्येत गेला. कर्केची साडेसाती सुटली. अप्पांनी काळे तीळ, तेल, उडीद, काळं कापड दान केलं. अव्वानं खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, केली, वर तुपाची धार. जेवताना अप्पा म्हणाले, "आजपासनं नि म्हन बाळा. आता काय भ्याव न्हाय." मी मान हलवली, पण माझं लक्ष हुग्गीकडे नव्हतं आणि निषादाकडेही नव्हतं. मी अव्वाच्या गळ्याकडे बघत होते. शनी जाताना देऊन जातो, असं सगळेच म्हणतात. अप्पा तर रोज कुणाला ना कुणाला सांगायचे. इतकी वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली होती. माझ्या शनीनं नेलं होतं, माझाच शनी परत देणार होता. हे मी कुणालाही बोलले नव्हते, पण मनात तारीख लागल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी मी डोळे उघडायच्या आधी कान उघडले. चुलीजवळ पळी ताटलीवर वाजली. तिसऱ्या दिवशीही पळीच. मी स्वतःला समजावलं, एवढ्या लांबून यायचं, वेळ लागणार. सकाळी उठून अव्वा खाकरली की मी अंथरुणात उठून बसायची, आता बोलेल, आता बोलेल. ती पाणी पिऊन कामाला लागायची.

इकडे शिकवणं सुरू झालं. अव्वाची यमनाची घाई झाली होती. हे तिनं शब्दात सांगितलं नाही, पण संध्याकाळी दिवा लागायच्या आतच ती तंबोरा काढून बसायची. यमन म्हणजे निषादाचंच घर, सुरुवातच तिथून. खालच्या नि वरून उठायचं, रे, मग ग. माझा गळा मात्र सवयीनं सा धरायचा. अव्वा पेटीची पट्टी दाबून धरायची, मी त्या सुराच्या वर तरी जायची नाहीतर खाली तरी. एकदा मी रडकुंडीला आले आणि म्हटलं, "मला नाही येत, माझ्या गळ्यात ती जागाच नाही." अव्वा कानाशी आली. "हाय," ती म्हणाली. "जागा हाय. माझ्याच गळ्यातनं आलाय तुजा गळा. कुटं जाईल?" माघापर्यंत मला नि धरता येऊ लागला. फार वेळ नाही, पण लागायचा. एका बंदिशीची अस्थायी बसली. तिची ती लाडकी बंदिश होती, आणि मी ती म्हणत असताना अव्वाचे ओठ माझ्याबरोबर हलायचे. ते मला बघवायचं नाही, म्हणून मी डोळे मिटून गायची. तिला वाटायचं मी तल्लीन झालेय.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, म्हणतात तसं झालं. अप्पांचा निषादावर अजून पुरता विश्वास बसला नव्हता. मी गायला लागले की ते चपला घालून बाहेर जायचे. फाल्गुनाच्या शेवटी एका संध्याकाळी ते बाहेर गेले नाहीत. दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हेमा, आता काही दिवस नि बंद ठेव."

मी गाणं थांबवलं. "का?"

"शनी वक्री झालाय. उलटा चाललाय. परत सिंहेत येतोय. म्हंजे साडेसाती पुन्ना चालू. पावसाळ्यात मार्गी, म्हंजे सरळ, हुतोय, मग जातोय कायमचा."

शनी उलटा चालू शकतो हे मी ऐकून होते. प्रत्यक्षात तो चालत नाही, पृथ्वीवरून बघणाऱ्याला तसं दिसतं, हे पुढं शिकले. माझ्या नातवाच्या फोनमध्ये तर बोटानं ग्रह मागेपुढे सरकवता येतात. पण त्या संध्याकाळी मला एवढंच समजलं की तो परत येतोय, आणि म्हणून अव्वाचा आवाज आला नव्हता. शनी गेलाच नव्हता! मला वाईट वाटायच्या आधी हायसं वाटलं. मग एक वेगळाच राग आला.

"तुम्हाला दिवाळीलाच माहीत होतं?"

"पंचांगात छापलेलं आसतंय की."

"मग सांगितलं का नाही?"

अप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "तुमी दोगी खुशीत हुता," ते म्हणाले.

अव्वानं तंबोऱ्याला गवसणी घातली. त्या रात्री जेवायला बोलवायला तिनं पळीसुद्धा वाजवली नाही.

त्यानंतर दोन-चार दिवसांनीच पाडवा आला. आमच्याकडे पाडव्याला नव्या पंचांगाचं वाचन असायचं. गल्लीतली माणसं दुपारी जेवून यायची, अप्पा पंचांगाची पूजा करायचे आणि मग वर्षफळ सांगायचे. यंदाचा राजा कोण, मंत्री कोण, पाऊस किती, धान्य महाग की स्वस्त, सुताचा भाव काय राहील, शेवटी एकेक रास. त्या दिवशी सगळे माग बंद असायचे. कडुलिंब आणि गुळाचा प्रसाद वाटायचं काम माझं. पुढच्या खोलीत दाटीवाटीनं लोक बसले होते, दारात लक्ष्मीअक्का. मी रिकामं ताट घेऊन आतल्या खोलीत आले तेव्हा अव्वा खाली बसली होती, तंबोऱ्याची गवसणी बाजूला पडली होती आणि तिचा हात पंचमाच्या खुंटीवर होता.

ती खुंटी पिळत होती. तार चढत होती. पंचम केव्हाच मागे पडला, धैवत आला, तोही गेला. मला तार तुटेल अशी भीती वाटली. पण अव्वाचा हात थांबेना. बाहेरून अप्पांचा आवाज येत होता, मेष, वृषभ, मिथुन. "आता कर्क," ते म्हणाले. "कर्केला शनी वक्री, साडेसातीचा शेवट अजून ऱ्हायलाय. आमच्याच घरात हाय की, पोरगी. जपून ऱ्हायला पायजे." कुणीतरी च् च् केलं. अव्वानं तंबोरा उभा धरला आणि छेडला.

नि, सा, सा, सा. पंचम नव्हताच. पहिली तार निषादाची. आमच्या घरात इतकी वर्षं ज्याला बंदी होती तो सूर एवढा मोठा होऊन वाजला की पत्र्याचा डबासुद्धा त्याला साथ देऊ लागला. माग बंद होते, त्यामुळे सगळ्या गल्लीला ऐकू गेला असेल. बाहेर लक्ष्मीअक्का कुजबुजायचं विसरून ओरडली, "अगो! वैनी वाजवलाल्यात!" अप्पांनी आवाज चढवला, सिंह रास सुरू केली. एक ओळ वाचली, तीच परत वाचली. मग पंचांग मिटल्याचा आवाज आला. "बाकीचं उद्या सांगतो," ते म्हणाले. माणसं उठली आणि चपला सरकवून निघून गेली.

अप्पा आत आले. "काय मांडलंय हे? सणासुदीचं?" त्यांचा आवाज मोठा होता. आतल्या खोलीत इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

अव्वा छेडतच राहिली. मग तंबोरा थांबवून तिनं त्यांना हातानं जवळ बोलावलं. ते खाली वाकले. मीही जवळ गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं. तिची कुजबूज मला शब्दन् शब्द ऐकू आली.

"शनीनं न्हाय नेला माजा आवाज. डॉक्टर काय म्हनलेले? आदी आला आसता तर आवाजाची शीर सुटी निगाली आसती. कोन थांबवलं? अधिक मास कोन बगितलं? चंद्रबळ कोन बगितलं?" तिला दम लागला. तिनं लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली तुमी. पोरीला वाटतंय, तिनंच खाल्लं. मोरीत बसून रडती ती. मला दिसत न्हाय व्हय? बोलता येत न्हाय म्हनून दिसायचं बंद झालं न्हाय माजं."

अप्पा भिंतीला टेकून खाली बसले. टोपी हातात होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुहूर्त माजा हुता." आणि थोड्या वेळानं पुन्हा, "माजा हुता. तुजं कायच न्हवतं बाळा. तुजं कायबी न्हवतं."

इतकी वर्षं मी जे ऐकायला आसुसले होते ते हेच. मला हलकं वाटलं आणि मी हसलेसुद्धा. अप्पांचा मला राग आला नाही, त्यांची कीवच आली. आपली चूक उचलून ठेवायला त्यांना आकाशाशिवाय जागा सापडली नव्हती. मी अव्वाकडे वळले. आणि वळता वळता माझ्या ध्यानात आलं की शनीनं काही नेलंच नसेल, तर तो काही परत देणार नाही. मार्गी झाला तरी नाही, पावसाळ्यात नाही, कधीच नाही.

"मग तुझा आवाज?" मी विचारलं. मोठ्यानं विचारलं.

अव्वानं माझा हात धरला आणि मान हलवली. "न्हाय येत, बाळा," ती म्हणाली. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अप्पांना माहीत होतं. वाट बघत बसलेली त्या घरात मी एकटीच होते.

मग तिनं तंबोरा घेतला आणि तार छेडली, आणि माझ्याकडे बघत थांबली. अप्पा उठून गेले नाहीत. मी डोळे पुसले आणि नि लावला. तो लागला, आणि सोलापुरात त्या दुपारी इतकी शांतता होती की माझा एकटीचाच आवाज मला ऐकू येत होता.